वाळूचे कण आणि लुप्त ज्वालामुखी

नदीकांठच्या मूठभर वाळूकडे कोणी फारशा आदरानें पाहत नाहीं. तथापि भूगर्भशास्त्रज्ञ जेव्हां एखाद्या प्राचीन प्रदेशाचा इतिहास जुळवूं लागतो, तेव्हां पुष्कळदां पर्वतशिखरांहून वाळूच्या कणांवरच त्याची भिस्त अधिक असते. हें कसें, तें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानाच्या उदाहरणावरून पाहूं.

विद्यार्थिमित्रांनीं प्रथम त्या प्रदेशाचा नकाशा डोळ्यांपुढें आणावा. पूर्वेस सिएरा नेव्हाडा नांवाची सुमारें साडेसहाशें किलोमीटर लांबीची, बहुतांशीं ग्रॅनाइटची पर्वतरांग. तिच्या पश्चिमेस फळबागांनीं भरलेलें सपाट, लांबट मध्य खोरें. आणि त्याच्याही पलीकडे किनाऱ्यालगतचे डोंगर व पॅसिफिक महासागर. दहा कोटी वर्षांपूर्वीं मात्र तेथील देखावा निराळा होता. सागरतळाचा एक प्रचंड भूपट्ट किनाऱ्यापासून कांहीं अंतरावर खोल खंदक पाडून अमेरिका खंडाखालीं सरकत होता. खालीं गेलेल्या भूपट्टांतून निघणाऱ्या पाण्याच्या योगानें वरचा तप्त खडक वितळे, आणि तो रस वर चढून ज्वालामुखींची एक लांबच लांब ओळ निर्माण होई. अशी ओळ बहुधा धनुष्याप्रमाणें वांकलेली असते, म्हणून तिला ज्वालामुखींची कमान म्हणतात. कमान आणि खंदक यांच्या मध्यें जो सखल भाग राहतो, तो कमानीपुढील खळगा. ज्वालामुखींची झीज होऊन निघालेली वाळू व गाळ नद्या त्या खळग्यांतील समुद्रांत नेऊन टाकीत. कॅलिफोर्नियाचें मध्य खोरें हें त्याच खळग्याच्या जागीं आहे.

आतां अडचण अशी कीं, ते ज्वालामुखी आज बहुतेक जागेवर नाहींत. ऊनपावसानें आणि नद्यांनीं ते खरवडून नेले. उरला तो त्यांच्या पोटांत कित्येक किलोमीटर खोल थिजलेला ग्रॅनाइट. योसेमिटी दरींतील हाफ डोम हा सुप्रसिद्ध अर्धगोल कडा म्हणजे असाच, सुमारें नऊ कोटी वर्षांपूर्वीं थिजलेला रस होय. घर पडून गेलें आणि चूल तेवढी राहिली, त्यांतला हा प्रकार. परंतु घरांतील सामान अगदींच नाहींसें झालें नाहीं; तें खालच्या खळग्यांत थरावर थर रचून ठेवलेलें आहे. सॅक्रामेंटो खोऱ्याच्या पश्चिम कडेस हे थर कलते होऊन उघडे पडले आहेत, व तेथें ते पोथीच्या पानांप्रमाणें एकामागून एक वाचतां येतात.

पण पानांवर तिथि कोठें आहे? ती झिर्कॉन नांवाच्या खनिजाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांत आहे. रस थिजतांना हे स्फटिक बनतात, आणि बनतांना युरेनियमचे थोडे अणु आपल्यांत सामावून घेतात. शिशाला मात्र ते जवळजवळ थारा देत नाहींत. पुढें युरेनियमचे अणु ठराविक गतीनें मोडत जाऊन अखेर त्यांचें शिसें होतें. युरेनियमचा एक प्रकार निम्मा होण्यास सुमारें ४४७ कोटी वर्षें लागतात, तर दुसरा सुमारें ७० कोटी वर्षांत निम्मा होतो. एकाच स्फटिकांत अशीं दोन घड्याळें चालत असल्यामुळें एकाची वेळ दुसऱ्याशीं ताडून पाहतां येते. १९११ सालीं आर्थर होम्स या अवघ्या एकवीस वर्षांच्या इंग्रज तरुणानें शिसें व युरेनियम यांच्या प्रमाणावरून खडकांचीं वयें काढून दाखविलीं, ही गोष्ट आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आतां लेसर किरणानें एकाच कणावर केसाच्या जाडीहून लहान खळगी पाडून त्याचें वय मोजतां येतें.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ह्या बाबतींत कृपण आहे. तो कमानीच्या ज्वालामुखींचा नव्हे. भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचा तो बनला, आणि तसल्या लाव्ह्यांत झिर्कॉन क्वचितच तयार होतो. तरी लाव्ह्याच्या थरांमध्यें सांपडणाऱ्या तांबड्या मातकट पट्ट्यांतून संशोधकांनीं असे कण हुडकलेच. व दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा भाग सुमारें साडेसात लाख वर्षांच्या अवधींत बाहेर पडला, असें २०१५ सालीं दाखवून दिलें.

झिर्कॉन कठीण आणि जड असल्यामुळें नदीच्या प्रवासांत सहसा नष्ट होत नाहीं. १८४८ सालीं सिएराच्या पायथ्याशीं सोनें सांपडल्यावर जे हजारों लोक वाळू धुण्यास धांवले, त्यांच्या परातींच्या तळाशीं सोन्याबरोबर जी जड वाळू उरे, तिच्यांत हेही कण असत. ती वाळू ते फेकून देत.

थराचें वय ठरविण्याचा नियम सोपा आहे. पुरलेल्या हंड्यांत १९३८ सालचा रुपया निघाला, तर बाकीचीं नाणीं कितीही जुनीं असोत, तो हंडा १९३८ पूर्वीं पुरलेला नाहीं. तद्वत् कोणताही थर त्यांतील सर्वांत तरुण कणाहून जुना असूं शकत नाहीं. मात्र एखाद्या कणांतून शिसें गळून गेलें असल्यास तो उगाच तरुण दिसतो. म्हणून परस्परांशीं जुळणारे अनेक कण मिळाल्याखेरीज निकाल देऊं नये.

ह्या नियमानें एक रूढ समजूत हलविली. खळग्याच्या तळच्या थरांत बुकिया नांवाचे शिंपले सांपडतात. त्यांवरून ते थर ज्युरासिक काळाच्या अखेरचे, म्हणजे साडेचौदा कोटी वर्षांहून जुने, असें धरीत. कॅथलीन सर्प्लेस व त्यांचे सहकारी यांनीं त्याच थरांतील झिर्कॉनचे कण तपासले, तों कांहीं कण त्याहून तरुण निघाले! २००६ सालीं त्यांनीं प्रश्नच केला कीं, ह्या खळग्यांत ज्युरासिक थर मुळांत आहेत काय? २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासांत तळच्या थरांचे २० नमुने घेतले. त्यांपैकीं १८ नमुन्यांत क्रिटेशस काळाचे, म्हणजे साडेचौदा कोटी वर्षांहून तरुण, कण होते. तरी नऊ नमुन्यांचा पुरावा ज्युरासिकच्या अखेरीसही जुळतो, असें त्या लेखकांनीं म्हटलें. अर्थात् खळगा सर्वत्र एकाच वेळीं भरूं लागला नाहीं. त्याच्या तळाशीं असलेलें सागरतळाचें कवच सुमारें साडेसोळा कोटी वर्षांचें आहे. तेव्हां कवच बनणें आणि त्यावर हा गाळ सांचूं लागणें यांत दीड-दोन कोटी वर्षांचें अंतर पडतें. मधल्या काळांत तेथें काय घडलें, याविषयीं विद्वानांत अद्यापि एकमत नाहीं.

पुढची हकीकत अधिक स्पष्ट आहे. सिएराच्या पश्चिम भागांतील पुष्कळसा ग्रॅनाइट बारा कोटी वर्षांच्या आसपासचा, तर पूर्वेकडील शिखरांचा साडेआठ कोटींच्या आसपासचा. म्हणजे ज्वालामुखींची ओळ हळूहळू पूर्वेस सरकत गेली. खळग्याच्या वरच्या थरांतही क्रमाक्रमानें अधिक तरुण कण येऊं लागतात. त्यानंतर कमान विझली. भूपट्ट उथळ कोनानें सरकूं लागल्यामुळें रस बनण्याचें थांबलें, असें बहुतेक मानतात.

आज हाफ डोमच्या पायथ्यावरून मर्सेद नदी वाहते, आणि त्या नऊ कोटी वर्षांच्या खडकाचे कण मध्य खोऱ्यांत आणून टाकते. यंदाच्या पुरानें बसविलेल्या वाळूस वरील नियम लावला, तर ती ‘नऊ कोटी वर्षांहून जुनी नाहीं’ एवढेंच उत्तर येईल. उत्तर खोटें नाहीं. पण कमान जळत असतां दर पिढीस नवे कण मिळत, तेव्हां हेंच घड्याळ थराच्या खऱ्या वयाच्या अगदीं जवळ चालत असे.