समुद्रासमोरची खोली

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. स्वारगेटच्या त्या टूरवाल्याकडे मी डोळे झाकून गेले नव्हते. ओळखीच्या दोन कुटुंबांनी त्याच्यामार्फत सहली केल्या होत्या, पैसे बँकेतून गेले होते आणि ईमेलवर आलेल्या कोटेशनमध्ये मी मुद्दाम एक ओळ घालून घेतली होती : तळमजल्यावरची, समुद्रासमोरची कॉटेज, पायऱ्या नकोत. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. तेव्हा ‘असं कुणावर विश्वास ठेवायचाच नसतो गं’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून अंदमान. आईला सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायची होती. १९११च्या जुलैत त्यांना तिथे आणलं, हे तिला शाळेपासून पाठ. बाबांना फक्त समुद्र हवा होता. चालावं न लागता, खोलीपुढे खुर्ची टाकून बघता येईल असा. म्हणून पोर्ट ब्लेअरनंतर स्वराजद्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचं हॅवलॉक, आणि तिथलं एक महागडं रिसॉर्ट. फोटो दाखवताना ऑफिसातला मुलगा बाबांना म्हणाला होता, "काका, दार उघडलंत की समोर पाणी."

आमची बोट उशिरा सुटली. बेटावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. रिसेप्शनवर शहाळ्याचं पाणी झालं, आणि तिथल्या मुलीने किल्ली पुढे केली ती पहिल्या मजल्यावरच्या, बागेकडच्या खोलीची. मी कोटेशन दाखवलं. तिने काही न बोलता कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. आमच्या नावावर त्यांच्याकडची सगळ्यात स्वस्त खोली होती. त्याखाली बुकिंग केल्याची तारीख होती, आणि ती मागच्या आठवड्यातली होती.

त्या तारखेवरून माझी नजर हलेना. आम्ही पूर्ण पैसे भरून तीन महिने होऊन गेले होते. तेवढे दिवस आमचे पैसे त्या माणसाने स्वतःकडे ठेवले. समुद्राकडच्या कॉटेज भरून गेल्या, आणि मग उरलेल्यातली स्वस्तातली खोली आमच्या नावावर टाकून मधला फरक खिशात घातला. मधल्या काळात मी दोनदा फोन करून विचारलं होतं. दोन्ही वेळा ‘मॅडम, कन्फर्म आहे’ हेच उत्तर मिळालं. तेव्हा बुकिंग झालेलंच नव्हतं.

पावसाने ओल्या झालेल्या लाकडी जिन्यावरून बाबांना वर नेलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सामान उचलणारा मुलगा. बाबा ‘काही नाही गं, चालतं’ म्हणत होते. ते तसं म्हणाले याचा मला जास्त राग आला.

त्या रात्री टूरवाल्याने फोन उचलला नाही. सकाळी म्हणाला, "आजचा दिवस अ‍ॅडजस्ट करा, उद्या अपग्रेड करून देतो." दुसऱ्या दिवशी चूक रिसॉर्टची झाली. त्यानंतर फोन बंद. परत आल्यावर मी त्याच्या ऑफिसात जाऊन बसले. पाणी विचारणारा, काका-काकू करणारा तोच मुलगा मान वर करायला तयार नव्हता. मालक आले आणि त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर माझ्या भाच्याने फेसबुकवर टाकलेला फोटो उघडून दाखवला. "तुमच्या आई तर छान हसताहेत. मग त्रास कसला झाला?"

कोठडीच्या दारात उभी राहून आली म्हणून ती हसत होती. तो फोटो पोर्ट ब्लेअरचा होता, रिसॉर्टचा नव्हता. हे मी त्यांना सांगितलं, त्यावर ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आता जे तुमच्या उपयोगाचं आहे ते सांगते.

एजंटाचं व्हाउचर म्हणजे बुकिंग नव्हे. पैसे भरल्यावर आठवड्याभरात रिसॉर्टला स्वतः ईमेल करा : या नावावर, या तारखांना, कोणत्या प्रकारची खोली, कोणता मजला, तुमचा बुकिंग क्रमांक काय. ‘अशा नावाचं बुकिंग नाही’ असं उत्तर आलं तर तेव्हा पैसे परत मागायला वेळ असतो. एजंट म्हणेल, थेट विचारलंत तर त्यांना आवडत नाही. हे खोटं आहे. रिसेप्शनवरच्या त्याच मुलीने मला सांगितलं की असे ईमेल रोज येतात. निघायच्या आधी पुन्हा एकदा विचारा. कोटेशनमध्ये ‘किंवा तत्सम’ असे शब्द असतील तर ते खोडून घ्या.

बेटाची कोणती बाजू, हेही विचारा. ज्याचे फोटो सगळे दाखवतात तो राधानगर किनारा पश्चिमेला आहे, जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर. पांढरी वाळू, पोहता येईल असं पाणी, सूर्यास्त. बरीचशी रिसॉर्ट मात्र पूर्वेला, गोविंदनगर-विजयनगरच्या बाजूला आहेत. तिथली पहाट सुंदर असते, पण ओहोटीला पाणी लांब जातं आणि खडक, मेलेली प्रवाळं उघडी पडतात. आम्ही होतो तेव्हा नेमकी पौर्णिमा. दुपारी बाबांना किनाऱ्यावर खुर्ची टाकून दिली तर समोर दगडच दगड. अशा उधाणाच्या दिवसांत भरती मोठी असते, तशी ओहोटीही खोल असते. अष्टमीच्या आसपास हा फरक कमी होतो. ओहोटीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं. तारखा ठरवतानाच कॅलेंडरवरची तिथी बघा आणि पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवर काढा. सहली विकणाऱ्याला हे माहीत असतं, पण तो आपणहून बोलत नाही.

उजेडाचाही हिशेब आहे. घड्याळ आपलंच, पण ही बेटं पुण्याच्या खूप पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. दुपारच्या बोटीने गेलात तर पहिल्या दिवसाचं भाडं अंधारात जातं. सकाळची बोट मागा.

परतताना शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा, विमानाच्या दिवशी बेटावरून निघू नका. हवा बिघडली की बोटी बंद होतात. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेने या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते, त्यांना काढायला नौदल आणि तटरक्षक दल आलं. शेवटच्या रात्रीचं एवढं एक आमच्या टूरवाल्याने नीट केलं होतं, ते मी नाकारत नाही.

औषधं दोन दिवसांची जास्त घ्या, वाळूतल्या माश्या फार चावतात म्हणून मलम घ्या, थोडी रोकड जवळ ठेवा. रिसॉर्टमधलं जेवण परवडत नसेल तर गोविंदनगरच्या बाजारात बंगाली खानावळी आहेत, तिथला मासे-भात आईबाबांना जास्त आवडला. शंखशिंपले, प्रवाळ उचलू नका; गुन्हा आहे, आणि विमानतळावर सामान तपासतात.

बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेलं दिसलं तर काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते बंद केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, दिवसाला साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला १८ टक्के.

आणि तक्रार करायला अंदमानला जावं लागत नाही. २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावता येतो, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मी पुण्यातच लावला आहे.

त्यासाठी जे सगळ्यात उपयोगी पडलं ते मी त्या रात्री रागाच्या भरात केलं होतं. रिसॉर्टचं नोंदणी कार्ड सहीसाठी पुढे आलं, तेव्हा सहीच्या वर मी लिहिलं : ‘पैसे भरलेली खोली मिळाली नाही, नाइलाजाने राहत आहोत.’ तारीख, वेळ घातली आणि फोटो काढला. रिसेप्शनवरच्या पडद्याचाही काढला. तुमच्यावर अशी वेळ आली तर सही करण्याआधी हे करा. सही केल्यावर कार्ड पुन्हा हातात मिळत नाही.

नोटिशीला टूरवाल्याच्या वकिलाचं उत्तर आलं आहे. ग्राहकाने खोलीचा ताबा घेतला, म्हणजे ती मान्य केली, असं त्यात म्हटलंय. अंधार पडल्यावर, बेटावर, शेवटची बोट निघून गेल्यावर गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घेऊन आम्ही कुठे जायला हवं होतं, ते त्यांनी लिहिलेलं नाही. आयोगापुढे मी त्यांना हेच विचारणार आहे, कार्डाचा फोटो समोर ठेवून.