पायपेटी आणि जुनी यामाहा

गेल्या वर्षी शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात एक पालक आम्हांस भेटावयास आले. सेलूपासून दीड कोसावरील एका गावी त्यांची बेताची शेती आहे. त्यांच्या गोठ्यात थोरल्या भावाची १९९० सालची यामाहा आर. एक्स. १०० ही मोटारसायकल कित्येक वर्षे पोत्यांखाली पडून होती. नागपूरचा एक व्यापारी ती आहे त्या स्थितीत नेण्यास तयार होता, आणि त्याने देऊ केलेल्या रकमेत सोयाबीनच्या पेरणीचा खर्च भागून चार पैसे उरले असते. परंतु मुलगा, आमच्या दहावीच्या वर्गातला, ती विकू देईना. "सर, पोट्टा काही ऐकत नाही. आता तुम्हीच सांगा, ठेवू का विकू?" असे म्हणून ते गृहस्थ बाकावर बसले.

उत्तर आम्हांस लगेच सुचले नाही. काही वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी अशाच गाडीवरून वर्ध्याकडून येताना पडला आणि गेला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्याच्या घरी प्रार्थनेस आम्ही गेलो, तेव्हा ती गाडी अंगणात भिंतीस टेकून उभी होती. तिला फारसे काही झाले नव्हते. तेव्हापासून तसला आवाज रस्त्यावरून आला म्हणजे फळ्यावरील आमचा हात थांबतो. म्हणून त्या पालकांकडे आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली, आणि मुलास बरोबर घेऊन त्या यंत्राचा अभ्यास आरंभिला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

हे यंत्र आपल्याकडे आले कसे? १९८० नंतरच्या दशकात सरकारने दुचाकी वाहनांच्या कारखानदारांस परदेशी कंपन्यांशी करार करण्याची मुभा दिली, आणि दोनतीन वर्षांतच जपानच्या चारही मोठ्या कंपन्या येथे आल्या. सुझुकीने दक्षिणेतील टी. व्ही. एस.शी, होंडाने हीरोशी व फिरोदियांच्या कायनेटिकशी, कावासाकीने पुण्याच्या बजाजशी, तर यामाहाने एस्कॉर्ट्सशी हातमिळवणी केली. आर. एक्स. १०० ही गाडी नोव्हेंबर १९८५ मध्ये बाजारात आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन बंद झाले. इंजिन ९८ घन सेंटिमीटरचे, शक्ती ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. त्याच काळची, जवळजवळ तेवढ्याच आकाराच्या इंजिनाची हीरो होंडा सुमारे सात अश्वशक्ती देई. मात्र हीरो होंडा पेट्रोल फार थोडे पिई. त्यामुळे हिशेबी माणूस तिच्याकडे वळला आणि यामाहा हळूहळू जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. ज्यांच्या खिशात थोडे पैसे आणि हातात थोडे कसब होते, अशा तरुणांनी ती उचलली. या छंदाचा आरंभ तेथे आहे. आज मात्र वीस हजारांच्या आतबाहेर नवी मिळणारी ती गाडी नीट दुरुस्त केलेली असल्यास लाखाच्या पुढेही विकली जाते, आणि ज्यांचा जन्मही १९९६ नंतरचा, असे तरुण तिच्यासाठी झुरतात.

यामाहा हे नाव मूळचे मोटारसायकलचे नव्हे, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. १८८७ साली जपानातील हामामात्सु गावच्या प्राथमिक शाळेत परदेशाहून आणलेली एक पायपेटी नादुरुस्त झाली. तोराकुसु यामाहा नावाचा, घड्याळे व वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणारा एक कारागीर होता, त्यास बोलावण्यात आले. त्याने पेटी उघडली, दुरुस्त केली, आणि आपणही अशीच बनवू शकू असे मनाशी घेतले. स्वतः बनविलेली पहिली पेटी त्याने आणि त्याच्या सोबत्याने कावडीने खांद्यावर घेऊन, हाकोनेचा डोंगर ओलांडून तोकियोस नेली. तेथील संगीतसंस्थेच्या जाणकारांनी सुरांत दोष काढला. तो निराश होऊन परतला नाही. तेथेच राहून महिनाभर स्वरशास्त्र शिकला आणि मग दुसरी पेटी बनविली. त्याच्या कारखान्यातून पुढे १९५५ साली मोटारसायकलचा स्वतंत्र व्यवसाय निघाला. गाडीच्या टाकीवर जे चिन्ह असते ते नीट पाहावे: एकमेकांत गुंफलेले तीन नादकाटे आहेत, आपण प्रयोगशाळेत रबरावर आपटतो तेच.

नात्याची आणखी एक खूण त्या इंजिनाच्या पोटात आम्हांस सापडली. ती कळण्यासाठी टू-स्ट्रोक इंजिनाचे काम थोडे समजून घेतले पाहिजे.

नेहमीच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे यांसाठी दट्ट्या दोनदा वर व दोनदा खाली जातो. टू-स्ट्रोक इंजिनात हे सारे एकाच वरखाली फेरीत उरकते. दट्ट्या वर जाताना आपल्या डोक्यावरील मिश्रण दाबतो, आणि त्याच वेळी त्याच्या खालच्या पेटीत पोकळी होऊन ताजे मिश्रण ओढले जाते. ठिणगी पडते, दट्ट्या खाली ढकलला जातो. जाता जाता सिलिंडरच्या भिंतीतील एक खिडकी उघडी पडून धूर बाहेर जातो, आणि लागलीच दुसऱ्या खिडक्यांतून खालचे ताजे मिश्रण वर येते. झडपांचा पसारा नाही, साखळी नाही. दर फेऱ्यास एक स्फोट होतो म्हणून लहान इंजिनातही जोर अधिक.

परंतु दट्ट्या खाली येताना ते ताजे मिश्रण आले त्या वाटेने कार्बुरेटरकडे परत जाऊ नये, यासाठी वाटेवर पातळ पोलादी पाकळ्यांचे एक दार असते. पोकळी झाली की पाकळ्या उघडतात, दाब आला की मिटतात. इंग्रजीत तिला रीड म्हणतात. आमच्या प्रार्थनामंदिरातील पायपेटीत पितळेच्या ज्या पट्ट्या हवेने थरथरतात, ज्यांस पेटीवाले सूर म्हणतात, त्यांचेही इंग्रजी नाव तेच. पेटीतील पट्टी नाद करण्यासाठी हलते आणि इंजिनातील वाट राखण्यासाठी. तरी हवेच्या दाबातील फरकाने पातळ पट्टी लवते, हे तत्त्व दोहोंकडे एकच आहे.

येथे मुलाने वहीत हिशेब केला तो देतो. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ५० मिलिमीटर. यावरून घनफळ ९८ घन सेंटिमीटर भरते, हे नववीच्या विद्यार्थ्यानेही ताडून पाहावे. पूर्ण शक्ती मिनिटास ७,५०० फेऱ्यांवर मिळते, म्हणजे सेकंदास १२५ फेरे. तेव्हा पाकळी सेकंदास १२५ वेळा उघडते व मिटते, आणि पेटीवर जो सूर सेकंदास सुमारे १२५ कंपने करतो तो खर्जाच्या बाजूस सापडतो. गाडीची घरघर चढत जाते तेव्हा आपण हेच आकडे कानाने ऐकत असतो.

आता त्या आवाजाविषयी. आमच्या बाजारातून जाणाऱ्या जुन्या यामाहांपैकी पुष्कळांचे सायलेन्सर कापलेले किंवा आतून पोकळ केलेले असतात. कानठळ्या बसविणारा आवाज म्हणजे जोर, अशी यामागची समजूत आहे. ही समजूत चुकीची असल्याचे आम्ही स्पष्ट सांगतो. विहिरीत हाक मारली असता जशी ती परत येते, तशी धुराबरोबर निघालेली दाबाची लाट नळीच्या निमुळत्या शेवटावर आपटून मागे येते. नळीची लांबी व फुगवटा मोजून ठेवलेला असल्यास, खिडकी मिटण्याच्या ऐन क्षणी ही लाट परत येऊन बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत लोटते. नळी कापणारा ही लाटच हरवून बसतो. आवाज वाढतो आणि बहुधा जोर घटतो. म्हणजे जो आपले सामर्थ्य गावास ऐकवीत जातो, तो पुष्कळदा आपले अज्ञानच ऐकवीत असतो.

लाटेची ही विद्या पूर्व जर्मनीतील चोपाउ गावच्या एम. झेड. कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५० नंतरच्या वर्षांत परिश्रमाने सिद्ध केली. १९६१ च्या सप्टेंबरात स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी त्याच कारखान्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला आणि ते ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२ साली त्याने सुझुकीवर ५० घन सेंटिमीटर वर्गाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. गंमत अशी की, यामाहाची १९५५ सालची पहिली मोटारसायकलही ज्या जर्मन गाडीच्या नमुन्यावर बेतलेली होती, ती युद्धापूर्वी चोपाउ येथेच बनत असे. डेग्नरची हकीकत आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले टाळ्या पिटतात. आम्ही त्यांस काडेनचे नाव फळ्यावर लिहावयास लावतो.

या इंजिनाचा दोष लपविण्यात अर्थ नाही. लाटेने कितीही सांभाळले तरी न जळलेले पेट्रोल थोडेबहुत धुराबरोबर निसटतेच, आणि दट्ट्याच्या वंगणासाठी तेलही पेट्रोलाबरोबरच जळते. त्या निळ्या धुरामुळेच १९९६ व २००० साली कडक झालेल्या नियमांपुढे अशी इंजिने टिकली नाहीत. त्यांचे जाणे योग्यच होते. ब्रेकही जुन्या पद्धतीचे, ड्रमचे; अकरा अश्वशक्तीची हलकी गाडी पळते जितक्या चटकन, तितक्या चटकन थांबत नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण पालक हे पान वाचतील. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठरा वर्षे पुरी झाल्यावाचून मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालविल्यास पालकास वा गाडीच्या मालकास पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, व त्या मुलास पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो.

मग अशा यंत्राचा मोह का धरावा? सेलूहून सेवाग्राम फार लांब नाही, म्हणून तेथील रहिवाशाची एक गोष्ट आठवते. ते सेवाग्रामी येण्यापूर्वीची, १९२९ सालची ही गोष्ट. गांधीजींच्या चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. यंत्र हातापायांनी चालावे, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी, आणि वीस वर्षे काम द्यावे, अशा त्याच्या अटी होत्या. मोटारसायकल काही चरखा नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु जे यंत्र गरिबाच्या घरी चार पान्यांनी उघडते, ज्याचा प्रत्येक भाग हातात घेऊन त्याचे काम विचारता येते, ते मुलास शिकविते. आजची नवी वाहने निःसंशय अधिक स्वच्छ व सुरक्षित आहेत. पण ती उघडून पाहिली तर आतील पेटीवर मोहर असते.

आठव्या दिवशी आम्ही पालकांस सांगितले की, विकू नका. मात्र किल्ली मुलाच्या आईजवळ राहील. शिरस्त्राण गाडीच्या सुट्या भागांच्या आधी विकत येईल. सायलेन्सरला करवत लागणार नाही. आणि अठरा वर्षे होईपर्यंत मुलगा ती उघडील, जोडील, पण तिच्यावर बसणार नाही. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी बियाणे उधारीवर घेतले, हे आम्हांस मागाहून दुसऱ्यांकडून कळले. उपदेश करणाऱ्याच्या खिशातून पै जात नाही, हे त्या दिवशी आम्हांस फार लागले.

दिवाळीच्या सुट्टीत इंजिन उघडले. किक मारूनही ते चालू का होत नव्हते, ते कळले: रीडच्या एका पाकळीचा कोपरा तुटला होता आणि पेट्रोल उलट कार्बुरेटरकडे फेकले जात होते. नवी पाकळी नागपूरहून आणविली आहे, पण परीक्षा होईतो ती बसवावयाची नाही. सर्व भाग चिठ्ठ्या लावून एका जुन्या पिंपात ठेवले आहेत.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी तो मुलगा आपण होऊन प्रार्थनामंदिरात आला. पायपेटीची खर्जातील एक पट्टी दोन वर्षे मुकी होती, आणि ती दुरुस्त करावयास माणूस मिळत नव्हता. त्याने मागची फळी काढली, तो सूर हलकेच ओढून उजेडात धरला. फटीत एक वाळलेला मुंगळा अडकला होता. नाताळच्या उपासनेत ती पट्टी वाजली.