बारमाही सायकल : जोडणीचा एक पाठ

वसतिगृहातून बाहेर पडलेला आपला विद्यार्थी पुढे महाविद्यालयात जातो, नोकरीला लागतो. एस. टी.ची वेळ आणि त्याची वेळ जुळेलच असे नाही. अशा वेळी सायकल हे त्याचे पहिले स्वतंत्र वाहन ठरते. ऐन पावसाळ्यात जी रोज कामावर नेईल आणि सुटीत सामान लादून दूरच्या प्रवासालाही निघेल, अशी सायकल कशी जोडावी, याचा विचार या पाठात आम्ही करीत आहोत. आमचे प्रतिपादन असे की, सायकलचा भरवसा तिच्या किमतीवर अवलंबून नसतो. ती ओल्या रस्त्यावर वेळेत थांबते का आणि आडगावात बिघडली तर तेथेच दुरुस्त होते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर तो अवलंबून असतो.

थोडा इतिहास

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल तयार केली. जवळजवळ सारखी दोन चाके आणि मागील चाकाला चेनने मिळणारी गती, ही तिची रचना आजही टिकून आहे. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढे इंग्लंडहून भारतात आलेली काळी ‘रोडस्टर’ सायकल मुळात पावसाळी देशात घडलेली होती. पूर्ण लांबीचे मडगार्ड, चेनवर कव्हर आणि रुंद टायर ही त्याची खूण होय. स्वातंत्र्यानंतर मद्रास, लुधियाना येथील कारखान्यांतून हीच सायकल खेडोपाडी पोहोचली. जुने ते टाकाऊ न मानता, त्यातील शहाणपण घेऊन उणिवा दूर कराव्यात, हा इतिहासाचा धडा येथेही लागू पडतो.

चाके

जोडणीचा आरंभ चाकांपासून करावा. ‘२६ इंची टायर द्या’ एवढे सांगणे पुरेसे नसते. २६ × १.७५ आणि २६ × १ ३/८ हे दोन्ही टायर २६ इंचीच म्हणवतात. परंतु एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. टायरच्या कडेवर ४७-५५९ किंवा ३७-५९० असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायर बसतो तेथील व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये, दर्शवितो. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. आपल्या नेहमीच्या मार्गावरील दुकानांत कोणता टायर मिळतो हे आधी विचारावे आणि मग रिम निवडावी.

वजनाचा मोठा भार मागील चाकावर येतो. म्हणूनच जुन्या रोडस्टरच्या पुढील चाकात ३२ आणि मागील चाकात ४० स्पोक असत. सामान लादणाऱ्याने मागील चाकात ३६ पेक्षा कमी स्पोक घेऊ नयेत. सर्व स्पोकांचा ताण सारखा असावा आणि चाकाचा आऊट वेळच्या वेळी काढावा.

ब्रेक

या भागात काटकसर नको. लोखंडी, चकचकीत मुलाम्याच्या रिमवर पाणी पडले की ब्रेकचे रबर घसरते आणि थांबण्याचे अंतर कित्येक पटींनी वाढते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर पकड पुष्कळ चांगली राहते; हबच्या आत बसणाऱ्या ड्रम ब्रेकवर पावसाचा परिणाम जवळजवळ होत नाही. ज्यांना लोखंडी रिम बदलणे शक्य नाही, त्यांनी वेग कमी ठेवावा आणि थांबण्याच्या बरेच आधी ब्रेक हलकेच दाबून रिमवरील पाणी पुसून काढावे.

चेन आणि गिअर

पुढे ४४ दात आणि मागे १८ दात असले तर २८ इंची चाकाची सायकल पेडलच्या एका फेरीत सुमारे साडेपाच मीटर जाते. मागे २२ दातांचे फ्रीव्हील बसविले तर ती सुमारे साडेचार मीटर जाते. वेग घटतो, पण चढावर लागणारा जोरही जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी होतो. घाटात सामान नेणाऱ्याला हा सौदा फायद्याचा आहे.

चेनची झीज शाळेच्या फूटपट्टीने मोजता येते. नव्या चेनच्या २४ कड्यांची लांबी एका पिनेच्या मध्यापासून मोजल्यास बरोबर १२ इंच भरते. ती दीड मिलिमीटरने वाढली की नवी चेन घ्यावी. ३ मिलिमीटरपर्यंत दुर्लक्ष केले, तर झिजलेली चेन दातेही खाऊन टाकते आणि खर्च वाढतो.

चिखल, उजेड, सामान

मडगार्ड आणि टायर यांमध्ये बोटभर मोकळी जागा हवी, अन्यथा काळ्या जमिनीचा चिखल अडकून चाक फिरेनासे होते. पुढील मडगार्डच्या टोकाला जमिनीलगत येईल असा रबरी तुकडा लावावा. त्याने पाय आणि चेन दोन्ही वाचतात. टायरवर घासणारा डायनॅमो पावसात घसरतो, म्हणून बॅटरीचा दिवा बरा. मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर हवाच. कॅरिअरवर उंच गाठोडे न बांधता दोन्ही बाजूंना खाली पिशव्या टांगाव्यात, म्हणजे तोल राहतो. प्रत्येक नट आणि सीटची नळी ग्रीस लावूनच बसवावी. नाही तर गंज त्यांना जखडून टाकतो.

हाताचे ज्ञान

पंप, पंक्चरचे साहित्य, जादा ट्यूब, पाने आणि चेनची एक जादा कडी पिशवीत असावी. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती वापरण्याचे कसब हातात असावे. हाताने काम करणाऱ्याला ज्ञानाच्या पंक्तीत बसू न देणाऱ्या समाजव्यवस्थेने आपल्या पूर्वजांचे कौशल्य वापरले, मान मात्र दिला नाही. म्हणून ग्रीसने माखलेल्या हातांची लाज आपल्या मुलामुलींना वाटता कामा नये. भूमिती, घर्षण, ताण आणि गुणोत्तर हे सारे त्या एका यंत्रात आहे.

आमची पालकांना विनंती आहे की, मुलांइतकेच मुलींच्याही हाती पाना द्यावा. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील एका तरी मुलाला किंवा मुलीला येत्या पावसाळ्यापूर्वी चाक काढून पुन्हा बसवायला शिकवावे. ज्याला आपले वाहन स्वतः दुरुस्त करता येते, त्याची वाट सहसा अडत नाही.