अमेरिकेतल्या समर कॅम्पचं काम: पैसे भरण्याआधी हा हिशोब मांडा



या आठवड्याच्या व्हिडिओत परदेशातल्या सीझनल कामाबद्दल बोललो. पण आकडे तोंडी सांगितले की डोक्यावरून जातात, म्हणून इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊनच वाचा.

आपल्या बॅचला एक मुलगा येतो. हॉटेल मॅनेजमेंटचं दुसरं वर्ष, घरची खानावळ. मागच्या महिन्यात दुकानात आला तो एका एजंटचं पत्रक घेऊनच. "अमेरिकेत ३ महिने काम, ५ लाख घेऊन परत." शनिवारपर्यंत ५० हजार भरायचे होते आणि वडील आईच्या बांगड्या गहाण टाकायला निघाले होते. पोरगा म्हणाला, "सर, ५ लाख आले की मोठा फ्रीज आणि नवी भट्टी घेतो. कर्ज नको." विचार वाईट नाही. भांडवल कुठून तरी उभं करावंच लागतं. मी म्हटलं, बस, चहा घे, आधी कागदावर मांडू.

पहिली गोष्ट, हे काम खोटं नाही. अमेरिकेत मुलांना उन्हाळ्यात कॅम्पला पाठवायची पद्धत १८६१ पासूनची आहे. मेन, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत तळ्याकाठी असे कॅम्प असतात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. विस्कॉन्सिन डेल्स, ओशन सिटी अशा ठिकाणची रिसॉर्टं पण याच काळात भरतात. तेवढ्यापुरती माणसं लागतात आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी जे-१ नावाचा व्हिसा आहे.

इथेच बरेच जण फसतात, कारण जे-१ मध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत. एक 'कॅम्प कौन्सेलर'. म्हणजे मुलांना सांभाळणारा, पोहणं, खेळ, चित्रकला शिकवणारा. वय किमान १८. विद्यार्थी, शिक्षक किंवा अंगात एखादं कौशल्य असलेला माणूस यात जाऊ शकतो. पण या वाटेने गेलेल्याला भांडी घासायला किंवा स्वयंपाकघरात जुंपता येत नाही, तसा नियमच आहे. दुसरी वाट 'समर वर्क ट्रॅव्हल'. किचन, लॉन्ड्री, रूम साफसफाई, डागडुजी ही सपोर्टची कामं यात येतात. ही फक्त कॉलेजात पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी, तीही कॉलेजच्या मोठ्या सुट्टीत, जास्तीत जास्त ४ महिने. आपल्याकडे बरीच कॉलेजं जून-जुलैत उघडतात आणि तिथला सीझन तेव्हाच भरात असतो. त्यामुळे युनिव्हर्सिटीचं वेळापत्रक आधी बघा, एजंटचं पत्रक नंतर. आणि कोणी म्हणालं की "टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे काम लावून देतो", तर उठून निघा. त्या व्हिसावर काम करणं बेकायदेशीर आहे. पकडला जाणार तुम्ही, एजंट नाही.

आता हिशोब. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमच्या ऑफरचे आकडे घालून पुन्हा करा.

रिसॉर्टमधलं काम धरू. तासाला १२ डॉलर, आठवड्याला ४० तास, १० आठवडे. झाले ४८०० डॉलर. त्यातून साधारण १० टक्के केंद्राचा आयकर, ४८०. काही राज्यं वेगळा कर घेतात, तो सोडून देऊ. राहण्याचे आठवड्याला १२०, म्हणजे १२००. जेवणाचे ६० प्रमाणे ६००. हातात उरले २५२०.

आता जाण्याचा खर्च. प्रोग्रॅम फी आणि विमा मिळून १२०० धरा, विमानाचं जाऊन-येऊन १३००, व्हिसा १८५, सेव्हिस नावाच्या नोंदणीचे ३५ (सरकारी फी बदलत असते, भरताना ताजा आकडा बघा). बेरीज २७२०.

म्हणजे ३ महिने राबून २०० डॉलर खिशातून गेले! पोरगा दोन वेळा कॅल्क्युलेटर दाबून बघत होता. पत्रकातले ५ लाख आले कुठून? पगाराला रुपयाने गुणलं आणि खर्चाची पानंच उघडली नाहीत. आपण दुकानात नवीन माल भरताना हीच चूक करतो, गल्ला दिसतो आणि भाडं-हमाली विसरतो.

कॅम्पमध्ये बहुतेक वेळा राहणं-खाणं त्यांचं असतं, पगार कमी. समजा पूर्ण सीझनचे २८००. कर गेला की उरले २५२०. गंमत बघा, पगार २००० ने कमी आणि हातात तेवढेच! म्हणून तासाचा दर विचारू नका. घरभाडं किती, जेवण कोणाचं, आठवड्याला किमान किती तास काम नक्की मिळणार, हे विचारा. पाऊस पडला, गिऱ्हाईक नाही, म्हणून तास कापले तर भाडं काही कापत नाहीत. एक बारीक मुद्दा: सोशल सिक्युरिटीचा कर जे-१ वर गेलेल्या विद्यार्थ्याला सहसा लागत नाही. पगाराच्या चिठ्ठीत कापलेला दिसला तर मालकाला लगेच सांगा.

मग एजंट खरा की खोटा, हे कसं ओळखायचं? या व्हिसाचा मुख्य कागद म्हणजे डीएस-२०१९. तो आपला एजंट देऊच शकत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली तिथली संस्था तो देते, तिला स्पॉन्सर म्हणतात. मान्यताप्राप्त स्पॉन्सरची यादी त्या खात्याच्या जे-१ साइटवर फुकट बघता येते. एजंटला स्पॉन्सरचं नाव विचारा, यादीत शोधा आणि स्पॉन्सरलाच मेल टाका, "हा माणूस तुमचा आहे का?" एवढं पुरतं. मी स्वतः बीबीएच्या शेवटच्या वर्षाला असताना 'रजिस्ट्रेशन'चे १५ हजार एका ऑफिसात भरून बसलो होतो. पुढच्या महिन्यात गेलो तर तिथे मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. एक मेल टाकला असता तर वाचले असते. घरी हे अजून पूर्ण सांगितलेलं नाही, असो.

आणि व्हिसा नाकारला तर किती पैसे परत, हे लेखी घ्या. व्हिसाची फी तर परत मिळतच नाही. मुलाखतीत अधिकारी मुख्यतः एकच बघतो, हा परत येणार का? अर्धवट राहिलेलं शिक्षण, घरचा चालू धंदा, परत येऊन काय करणार याचं सरळ उत्तर, हे तुमच्या बाजूचं आहे. पाठ केलेलं बोलू नका.

आता तुम्ही म्हणाल, पैसे सुटत नाहीत तर जायचं कशाला? शिकायला. दोन-तीनशे मुलांचं तीन वेळचं जेवण वेळेवर काढणारं किचन बघणं ही वेगळीच शाळा आहे. थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअसच्या खाली, गरम पदार्थ ५७ च्या वर, आणि त्याची वहीत वेळेसह नोंद. दूध, अंडी, शेंगदाणे, गहू, तीळ धरून ९ ॲलर्जीच्या गोष्टी तिथे कायद्याने ठरलेल्या आहेत, तीळ २०२३ पासून. आधी आलेला माल आधी वापरायचा, डब्यावर तारीख टाकायची. आपल्याकडे किती खानावळींत फ्रीजवर थर्मामीटर असतो? गोवा-कोकणात होमस्टे चालवणाऱ्या घरांतल्या कॉलेजच्या पोरांना तर हे सोयीचं आहे, कारण आपला पावसाळा, म्हणजे इथला मंदीचा काळ, हाच तिथला सीझन.

पण मग ते शिकण्याचे पैसे म्हणून घाला, घरचे दागिने मोडून 'गुंतवणूक' म्हणून नको.

त्या मुलाने स्पॉन्सरला मेल टाकला. चौथ्या दिवशी उत्तर आलं, त्या नावाचा एजंट आमचा नाही. बांगड्या घरीच आहेत. पुढच्या सीझनला तो थेट स्पॉन्सरच्या खऱ्या भारतीय पार्टनरकडून अर्ज करणार आहे, कॅम्पच्या किचनसाठी. तोपर्यंत बाजारातून एक साधा थर्मामीटर आणून घरच्या जुन्या फ्रीजमध्ये लावलाय. पहिल्याच दुपारी १३ अंश दाखवले. दरवाज्याचं रबर गेलं होतं.