बोटरबूम घ्यायचाय? आधी छपराचा हिशेब करा

जून ते सप्टेंबर पावसाचा थेंब पडणार नाही, तरी वारा आणि उजेड भरपूर मिळेल, अशी जागा तुमच्याकडे आहे का? नसेल तर बोटरबूमवर एक रुपयाही खर्च करू नका.

बोटरबूम म्हणजे टायलेकोडॉन पॅनिक्युलाटस. दक्षिण आफ्रिकेतल्या नामाक्वालँडपासून नामिबियापर्यंतच्या खडकाळ उतारांवर वाढणारं हे मांसल खोडाचं झुडूप पुढे माणसाच्या उंचीचं होतं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून पानंही हिवाळ्यातच. उन्हाळा आला की सगळी पानं गळतात, उघड्या फांद्यांवर लालसर-पिवळी फुलं येतात आणि कागदासारख्या सुटणाऱ्या सालीखालचं हिरवं खोड अन्न बनवतं. आपल्याकडे ते साधारण ऑक्टोबरमध्ये रात्री गार होऊ लागल्या की जागं होतं आणि मार्चमध्ये झोपी जातं. म्हणजे आपला पावसाळा ऐन झोपेत येतो आणि ओल्या मातीत मुळं कुजतात.

त्यामुळे पहिला खर्च छपराचा. गॅलरीला खोल छज्जा असेल तर तो शून्य. गच्चीवर पॉलिकार्बोनेट पत्र्याचा छोटा मांडव फॅब्रिकेटरकडून करून घ्यायचा तर 2,000 ते 4,000 रुपये धरून चाला. बाजू उघड्याच ठेवा, कोंडलेल्या दमट हवेत कोरडी मातीही वाचवत नाही. पुणे, नाशिक, सातारा इथे हे जमण्याजोगं आहे. मुंबई, कोकण, गोव्याच्या उबदार दमट हिवाळ्यात मात्र मी याची शिफारस करणार नाही.

मातीवर हात आखडू नका. तीन भाग प्युमिस किंवा चाळलेले विटांचे तुकडे आणि एक भाग पोयटा. किरकोळीत प्युमिस किलोला साधारण 100 ते 200 रुपये पडतो, विटांचे तुकडे बांधकामावर फुकटही मिळतात. पण चाळून धूळ काढलीच पाहिजे. सहा इंची मातीची कुंडी 50 ते 100 रुपयांत येते.

रोपाला आपल्याकडे ठरलेला बाजारभाव नाही, विक्रेता बोलेल तो भाव. लहान, बियांपासून वाढवलेलंच रोप मागा. जाड, वेडंवाकडं, जखमांचे वण असलेलं आणि मुळं छाटलेलं ‘जुनं’ खोड कोणी महागात देऊ करत असेल तर ते रानातून उपटलेलं असण्याची शक्यता मोठी. दक्षिण आफ्रिकेत अलीकडच्या वर्षांत मांसल वनस्पतींची चोरी इतकी वाढली आहे की त्यापायी डोंगरउतार उघडे पडत आहेत. असं खोड स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये.

परदेशातून मागवायचं तर 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचं आरोग्य प्रमाणपत्र, दोन्ही लागतात, बियांनासुद्धा. कागदपत्रांविना आलेलं पार्सल जप्त होऊ शकतं. चार-दोन बियांच्या पाकिटांपेक्षा प्रमाणपत्राचंच शुल्क जास्त भरू शकतं. म्हणून ज्याच्याकडे परवाना आहे अशा आयातदाराकडे तीन-चार जणांनी मिळून मागणी नोंदवली तर हा खर्च वाटला जातो. बिया धुळीइतक्या बारीक असतात. ऑक्टोबरात वरच्यावर पेरा, मातीखाली गाडू नका.

नंतरचा खर्च जवळजवळ नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी माती पूर्ण सुकल्यावर पोटभर पाणी, पानं पिवळी पडू लागली की हात आखडता, नंतर बंद. अगदी लहान रोपांना तेवढा झोपेतही महिन्याकाठी एखादा घोट. पानं गळताना घाबरून पाणी वाढवल्यानेच ही रोपं सर्वाधिक जातात. कुंडी बदलताना मुळांवर पिठ्या ढेकूण आहे का, ते पाहा.

झाड विषारी आहे. त्याच्या देशात ते खाऊन शेळ्या-मेंढ्यांना ‘क्रिम्पसिक्टे’ नावाचा पक्षाघातासारखा आजार होतो. घरात रांगतं मूल, कुत्रा-मांजर असेल किंवा दारात शेळी असेल तर उंच कठडा किंवा जाळीचा खर्चही हिशेबात धरा.