रुग्णालयाला स्वस्त, रुग्णाला?

प्रश्न : अमेरिकेत '३४०बी' योजनेतून रुग्णालयांना औषधे स्वस्त मिळतात, मग रुग्णाचे बिल कमी का होत नाही?

उत्तर : १९९२च्या कायद्यानुसार, मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेत औषधे विकणाऱ्या कंपन्यांना गरीब रुग्णांचा मोठा भार उचलणाऱ्या रुग्णालयांकडून व अनुदानित दवाखान्यांकडून बाह्यरुग्णांच्या औषधांसाठी ठरावीक कमाल दरापेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. कंपनीच्या सरासरी दरातून मेडिकेडची सूट वजा केली की हा दर निघतो. ब्रँडेड औषधांवर ही सूट सहसा किमान २३.१ टक्के, जेनेरिकवर १३ टक्के असते. महागाईपेक्षा वेगाने भाव वाढवणाऱ्या कंपनीला जास्त सूट द्यावी लागते. दर शून्यावर आलाच, तर एक सेंट आकारला जातो.

खरी मेख पुढे आहे. ही सवलत रुग्णापर्यंत पोचवावी, असे कायदा सांगतच नाही. समजा, ६० डॉलरला घेतलेल्या औषधाचे विमा कंपनीने १०० डॉलर दिले, तर वरचे ४० रुग्णालयाकडे राहतात. त्यातून गरिबांवर उपचार व्हावेत ही अपेक्षा, पण रुग्णालयाने ते कुठे खर्चावेत याचे बंधन या कायद्यात नाही. ही उणीव गंभीर आहे. अनुदानित आरोग्य केंद्रांत मात्र उत्पन्नानुसार शुल्क कमी होते, त्यामुळे विमा नसलेल्या रुग्णाने आधी तेथे चौकशी करावी.