तफवीज : मेहनत आपली, निर्णय अल्लाहचा

जत तालुका म्हणजे पावसाची वाट पाहणाऱ्यांचा मुलूख. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या या भागात दुआसाठी उठलेल्या हातांना पावसाची मागणी शिकवावी लागत नाही. मात्र गेल्या काही वर्षांपूर्वी येथील एका द्राक्ष बागायतदाराने मला जो प्रश्न विचारला, तो नको त्या वेळी आलेल्या पावसाविषयी होता.

त्यांची बाग काढणीला आली होती. व्यापाऱ्याशी बोलणी झाली होती. दोन दिवस अवकाळी पाऊस पडला आणि मणी तडकले, घड कुजले. इशाच्या नमाजनंतर चाचा मशिदीत मागे थांबले आणि म्हणाले, "मौलाना, औषध चुकवलं नाही, नमाजही चुकवली नाही. मग माझं कुठं चुकलं?"

मी तत्काळ उत्तर दिले, "चाचा, तकदीर आहे. सब्र करा." ते काही बोलले नाहीत. चपला घालून निघून गेले. पुढच्या जुम्याला ते पहिल्या सफमध्ये दिसले नाहीत.

माझे शब्द खोटे नव्हते, तरी ते कोणाच्याही उपयोगी पडले नाहीत. त्या आठवड्यात मी स्वतःलाच विचारले की, ज्या तवक्कुलचा मी मिंबरवरून उपदेश करतो, त्याचा अर्थ मला किती कळला आहे? हा लेख त्या प्रश्नातून आला आहे.

दोन बागांचा मालक

पवित्र कुरआनच्या सूरह अल्-कहफमध्ये (१८:३२-४४) एका बागायतदाराची हकीकत आहे. त्याच्या द्राक्षाच्या दोन बागा होत्या. सभोवती खजुराची झाडे, मधल्या जागेत शेती, आणि बागांमधून वाहणारा पाण्याचा प्रवाह. पीक भरघोस येत होते. तो बागेत शिरला आणि म्हणाला की, ही बाग कधी नष्ट होईल असे मला वाटत नाही. त्याच्या सोबत्याने त्याला समजावले की, बागेत पाऊल टाकताना अल्लाहच्या इच्छेचा आणि सामर्थ्याचा उच्चार तू का केला नाहीस? पुढे बाग मांडवासह कोसळली, आणि केलेला खर्च आठवून तो हात चोळत राहिला.

या हकीकतीत बाग लावण्याला, खर्च करण्याला किंवा नफ्याची आशा धरण्याला दोष दिलेला नाही. दोष आहे तो मालकीच्या भ्रमाला. पश्चात्तापाच्या वेळी त्या माणसाच्या तोंडी येते ते हेच की, मी माझ्या पालनकर्त्यासोबत कोणाला भागीदार केले नसते तर बरे झाले असते. त्याने मूर्ती घडवली नव्हती. आपल्या हुकमतीवरच त्याने असा भरवसा ठेवला होता, जो केवळ अल्लाहवर ठेवायचा असतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही हकीकत आरशासारखी स्वतःसमोर धरायची आहे, शेजाऱ्याच्या पडलेल्या मांडवाकडे बोट दाखवण्यासाठी नाही. हजरत अय्यूब (अ.) यांची संपत्ती, संतती आणि प्रकृती गेली ती शिक्षा म्हणून नव्हे. कोणाचे नुकसान कसोटी आहे आणि कोणाचे इशारा, हे अल्लाह जाणतो.

उपसा आणि पाणी

आमच्या तालुक्यात म्हैसाळ योजनेचे पाणी येते. कृष्णेचे पाणी मोठमोठ्या पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून या उंच, कोरड्या माळांकडे आणले जाते. यामागे अनेकांची बुद्धी, पैसा आणि वर्षानुवर्षांची मेहनत आहे, आणि ती सर्व आवश्यकच होती. परंतु पंप पाणी उचलतात, निर्माण करीत नाहीत. सह्याद्रीवर पाऊस पडला नाही, तर नदीत उचलायला काही उरणार नाही. तुमचे पाणी जमिनीत खोल निघून गेले, तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल, असा प्रश्न कुरआन विचारतो (६७:३०). बोअरमधून धूळ वर येताना ज्याने पाहिली आहे, त्याला ही आयत समजावून सांगण्याची गरज नाही.

उपसा करणे ही आपली जबाबदारी, पाणी ही अल्लाहची देणगी. या सीमेची जाणीव ठेवून आपले प्रकरण अल्लाहच्या हवाली करणे, याला 'तफवीज' म्हणतात.

हात सोडणे, लक्ष ठेवणे

हजरत मूसा (अ.) यांच्या मातेला आपले तान्हे बाळ नदीत सोडण्याचा आदेश झाला (२८:७). आईसाठी याहून कठीण समर्पण कोणते? तरीही तिने मुलीला सांगितले की, त्याच्या मागोमाग जा (२८:११). बाळ अल्लाहच्या हवाली केले, म्हणून लक्ष ठेवणे सोडले नाही. तिला बाळ परत मिळण्याचे वचन होते. आपल्याला अमुक बाग वाचेल किंवा अमुक स्थळ जमेल असे वचन नाही. आपल्याला वचन आहे ते हे की, जो अल्लाहवर विसंबतो, त्याला अल्लाह पुरेसा आहे (६५:३).

म्हणूनच पंचनामा करून घेणे, विम्याची चौकशी करणे, जाणकारांचा सल्ला घेणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उंट बांधून मग विसंबण्याची शिकवण दिली, आणि त्यांनाही सल्लामसलत करून, निश्चय करून, मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याचा आदेश झाला (३:१५९).

इस्तिखाऱ्याचा खरा अर्थ

मुलीचे स्थळ असो वा जमिनीचा व्यवहार, अनेक जण इस्तिखारा करतात आणि स्वप्नाची वाट पाहतात. हजरत जाबिर (रजि.) यांच्या निवेदनातून आलेल्या या दुआमध्ये स्वप्नाचा उल्लेख नाही. तिचे सार असे आहे : हे काम माझ्या हिताचे असेल तर ते सोपे कर, अहिताचे असेल तर ते माझ्यापासून आणि मला त्यापासून दूर कर, आणि भले जेथे असेल तेथून ते देऊन मला त्यावर राजी कर. शेवटची मागणी सर्वांत कठीण आहे. आपण बहुधा निर्णय आधीच घेतलेला असतो आणि अल्लाहकडून केवळ सही हवी असते.

समाजाचा वाटा

पुढच्या आठवड्यात मी चाचांच्या घरी गेलो. या वेळी उपदेश केला नाही. ते बोलत राहिले, मी ऐकत राहिलो. निघताना एवढेच म्हणालो, "चाचा, त्या दिवशी मी घाई केली. माफ करा." मग मशिदीच्या काही जबाबदार मंडळींसह त्यांच्या कर्जाचा विचार केला. कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यात कर्जाखाली दबलेला माणूसही आहे (९:६०). ज्याच्या अंगावर संकट आले त्याने सब्र करावा. इतरांचे कर्तव्य मात्र मदतीचे आहे. दुसऱ्याच्या वाट्याची भाकर आपल्याकडे ठेवून त्याला तवक्कुल शिकवणे शोभत नाही.

एप्रिलमध्ये चाचांनी खरड छाटणी सुरू केली. मी बांधावर उभा होतो. कात्री उचलताना ते म्हणाले, "बिस्मिल्लाह. पुढचं तो बघेल." तकदीरचा जो धडा मला मिंबरवरून नीट देता आला नव्हता, तो मी त्या बांधावर ऐकला.

अल्लाह आपल्या हातांना मेहनतीचे बळ देवो, आपल्या अंतःकरणांना त्याच्या निर्णयावर राजी राहण्याची तौफीक देवो, आणि एकमेकांच्या दुःखात घाईचे शब्द बोलण्यापासून आपल्याला वाचवो. आमीन.